खोटी ठरवलेली बंदूक

या विषयावर लिहायचा अधिकार मला नाही, त्याबद्दल आधीच माफी मागतो. जुन्या बंदुका ओळखण्याचं माझं शिक्षण म्हणजे कॉलेजमधलं दोन दिवसांचं शिबिर. पण घडलं ते माझ्या बोलण्यामुळे, म्हणून लिहितो.

कागलजवळच्या गावी मामांकडे तोड्याची बंदूक होती. दोरीचा जळता तोडा दारूला टेकवून उडवायची, तसली. खंडेनवमीला ती देव्हाऱ्यापुढे, कोयत्या-खुरप्यांच्या मधोमध असायची. शिबिरानंतर भर पावसाळ्यात मी गेलो, तेव्हा शेजारचे आबाही बसले होते.

"या पावणं," मामांनी थट्टा केली. "शिकून आलाईस. सांग बघू, किती जुनी हाय? काय मोल हुईल हिचं?"

आमच्या आणि मामांच्या घरात कॉलेजात गेलेला मी एकटाच. बंदूक हातात घेतली. नळी आरशासारखी चकचकीत, स्क्रू नवे. शिबिरातल्या सरांनी सांगितलं होतं, जुनं लोखंड काळवंडतं. चकाकी दिसली की संशय घ्या.

"मामा, ही खोटी आहे. शोभेसाठी विकतात तसली."

आबा हसले. "म्हंजे इतकी वर्सं खेळण्याला फुलं वाहिली म्हणायची."

मामा हसले नाहीत. "भाचा म्हणतोय म्हंजे असंल," एवढंच म्हणाले आणि बंदूक फडक्यात गुंडाळली. माझा शब्द लगेच मानला गेला, याचं मला तेव्हा बरं वाटलं होतं.

पुढे दिवाळीनंतर, त्या दिवशी मोबाईलवर काढलेला बंदुकीचा फोटो सरांना दाखवला. त्यांनी तो मोठा करून बघितला. नळीवर, जुने कारागीर लोखंडी पट्टी पिळून नळी घडवायचे तशा, पिळाच्या बारीक रेघा होत्या. बत्ती द्यायचं भोक जळून रुंद झालं होतं.

"ही खूप वेळा उडवलेली आहे," सर म्हणाले. "शोभेची कोण उडवतं? स्क्रू नंतर कुणा लोहारानं बसवले असतील. पण एवढी घासली कुणी?"

मला उत्तर माहीत होतं. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मामा ती पॉलिश पेपरनं घासायचे. लहानपणी नळीचं दुसरं टोक मीच धरायचो.

बाहेर येऊन मामींना फोन लावला. बंदूक जपून ठेवा म्हणालो.

"आता कुठली रं बाळा," मामी म्हणाल्या. "खोटी वस्तू देवाजवळ कशी ठिवायची, म्हणून खंडेनवमीच्या आधीच त्येंनी ती दूधगंगेत सोडली. लई पाणी हुतं तवा."