ठोकळे पूजेत होते

पिंपळगाव बसवंतला हायवेला लागून दाजींचं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज होतं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आई-वडील गेल्यावर ताईने मला आपल्या घरी आणलं आणि दाजींनी माझ्या हातात पाना दिला. नव्वद सालानंतरची ती वर्षं.

गॅरेजचं अंगण रस्त्याच्या बाजूला उतरतं होतं. त्यामुळे गाडी उभी राहिली की आधी चाकांना ठोकळे लावायचे आणि मगच बाकीचं काम, हा दाजींचा शिरस्ता. बाभळीचे, एका बाजूने तिरके तासलेले, एका हाताने उचलणार नाहीत असे ते ठोकळे. हँडब्रेकवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "हँडब्रेक म्हणजे पाव्हणा," म्हणायचे, "कधी उठून चालायला लागंल, सांगता येत नाय."

त्या वर्षी खंडेनवमीची पूजा मी मांडली. सगळी हत्यारं डिझेलने धुऊन पुसली, हळदकुंकू लावलं. मधे नारळ, भोवती पाने, हातोडे, जॅक आणि दोन्ही अंगांना ते ठोकळे, त्यांवर झेंडूच्या माळा. रोज गाडी धरून ठेवतात म्हणजे तीही हत्यारंच, असं माझं म्हणणं. दाजींना ते फार आवडलं होतं. दसऱ्याची आरती होईपर्यंत मांडलेली पूजा हलवायची नाही, असा आमच्याकडे नेम होता.

दुपारी टोमॅटोने भरलेला एक ट्रक आला. गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत जो लांब दांडा जातो, ज्याला आम्ही जॉइंट म्हणतो, तो खडखडत होता. दाजींनी पूजेकडे बोट दाखवलं. ड्रायव्हर हात जोडून म्हणाला, "उस्ताद, मालाचं पाणी होईल. तुमच्या हत्यारांना हात लावू नका, पाने माझे घ्या. पण गाडी काढून द्या."

दाजींना नाही म्हणता यायचं नाही. ते मला म्हणाले, "ठोकळे तेवढे आण रे."

मी पूजेसमोर आडवा झालो. "दाजी, पूजा मोडंल. भिंतीपाशी विटा पडल्यात, त्या लावतो."

"विटा? भरल्या गाडीला?"

"घडीभराचं तर काम हाय. गाडी गिअरमध्ये हाय, हँडब्रेक वढलेला हाय."

ते हसले. "बरं, भटजीबुवा. तुमची पूजा ऱ्हाऊ द्या."

विटा मी लावल्या. दाजी गाडीखाली सरकले. गाडी गिअरमध्ये असली तरी तो जोर चाकांपर्यंत पोचवतो जॉइंट, आणि दाजी तोच सोडवत होते. हे मला कळत नव्हतं असं नाही. शेवटचा बोल्ट निघाला. एकट्या हँडब्रेकने भरली गाडी धरली नाही; विटा करकरल्या, त्यांचा भुगा झाला आणि ट्रक उताराला लागला. निंबाच्या झाडाला अडून तो थांबला, तोवर मागचं चाक दाजींच्या मांडीवरून गेलं होतं.

नाशिकच्या दवाखान्यात पाय काढावा लागला. बाहेरच्या बाकावर ताईने मला विचारलं, "ठोकळे नव्हते लावले?"

मी म्हणालो, "दाजींना घाई होती."

त्यांना शुद्ध आल्यावर ताई त्यांच्या उशाशी रडत म्हणाली, "एवढी कसली घाई होती तुम्हाला?" दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. "हां," ते म्हणाले, "घाईच झाली."

घरी आल्यावर एकदा मी त्यांना म्हणालो, ताईला खरं सांगतो. ते चिडले. "येडा झाला का? तिला माहेर म्हणून तू एकटा. भाऊबीजेला तिनं कुणाला ओवाळायचं?" मी ऐकलं. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं.

गॅरेज विकावं लागलं. ताई द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये कामाला जायला लागली. दाजी दारात बसून स्टोव्ह, कंदील दुरुस्त करायचे. मी दुसऱ्या गॅरेजमध्ये लागलो, पगारातून घर चालवायला, भाचीच्या शाळेला मदत करत राहिलो, आणि शेजारीपाजारी म्हणायचे, भाऊ असावा तर असा. मी ते ऐकून घ्यायचो. ताई दमून आली की दाजींवर तोंड टाकायची. ते पंख्याकडे बघत राहायचे.

दाजी गेले तेव्हा दोन हजार सालही मागे पडलं होतं. वर्षश्राद्ध झालं, माणसं जेवून गेली. भांडी आवरताना ताई सहज म्हणाली, "त्या दिवशी घाई केली नसती, तर आज असते." माझ्याच्याने ऐकवेना. मी भिंतीला टेकून सगळं सांगितलं. पूजा, विटा, दवाखान्यातला बाक, आणि दाजींनी मला अडवलं तेही.

ताई हात उगारेल, घरातून हाकलून देईल, अशी तयारी ठेवूनच मी बोललो होतो. तिने फक्त विचारलं, "म्हंजे त्यांनी मुद्दाम आपल्यावर घेतलं?"

"हो."

ती खाली बसली. मग माझ्याकडे न बघता सांगायला लागली.

"पावसात पत्रा उडाला होता ना, तेव्हा मी म्हणले, पाय असता तर वर चढला असता, पण तुम्हाला घाई. पोरीच्या लग्नात कोपऱ्यात बसले होते, तर मी म्हणले, आपल्याच हातानं करून घेतलंत."

"ताई, ऱ्हाऊ दे."

"शेवटी दम लागायचा. पाणी पाणी करायचे. मी म्हणले, थांबा की, आता कशाची घाई हाय?"

ती एकेक आठवत गेली. मधेच थांबायची, बोट ओठांवर ठेवायची, आणि आणखी एखादं आठवायचं. मी समोर आहे हे तिच्या ध्यानातच नव्हतं.