फ्लॅशवरचं पांढरं टोपण

नांदुऱ्यात आमचा फोटो स्टुडिओ आहे. फोटो निघेपर्यंत माणूस ओठ मिटून बसतो आणि निघाला की त्याचं तोंड सुटतं. म्हणून आमच्या दुकानात किस्से साचत जातात. फोटो तरी गिऱ्हाईक घेऊन जातं, किस्से इथंच पडून राहतात. त्यातले हे एका टोपणापायी झालेले.

*

आमच्या ह्यांची कंबर गेली, तेव्हापासून लग्नाच्या ऑर्डरी मी घ्यायला लागले. हे बसून कॉम्प्युटरवर अल्बम बनवायचे, मी कॅमेरा घेऊन फिरायची. पहिलंच मोठं लग्न संग्रामपूरकडचं, आमच्याच बौद्ध समाजातलं. नवरीचं नाव प्रज्ञा. तिची पांढरी साडी, नवरदेवाचे पांढरे कपडे, मागं पांढरा पडदा. आणि मी दिवसभर फ्लॅश सरळ तोंडावर मारत सुटले.

अल्बम घरी पोचला आणि प्रज्ञाची कौतिकाआत्या तो घेऊन दुकानात आली. ना जयभीम, ना पाणी. अल्बम टेबलावर उघडला आणि म्हणाली, "यातली आमची पोरगी दाखव."

मी बोट ठेवलं.

"थे तं लुगडं हाय. पोरगी दाखव."

खरंच होतं तिचं. नाक, गाल, कपाळ सगळं पांढऱ्यात गेलं होतं. दोन डोळे आणि हार तेवढा दिसत होता, बाकी चुना. आत्या अल्बम तिथंच टाकून निघून गेली.

प्रज्ञाची धाकटी बहीण सुजाता लग्नाची होती. आमचे हे म्हणाले, "थे लग्न दुसऱ्याकडं गेलं तं समज आपलं दुकान उठलं. सारा समाज पाहून राह्यला. कॅमेरा विकू अन् झेरॉक्स मशीन आणू."

"झेरॉक्सवर तुम्ही बसा," मी म्हटलं. "मी कॅमेरा नाही सोडत."



*

उजेड मऊ करायचा तर फ्लॅशवर काहीतरी पांढरं पाहिजे, एवढं ह्यांनी सांगितलं. मी ह्यांचाच पांढरा रुमाल फ्लॅशला बांधला आणि बीबी गावात एका साखरपुड्याला गेले.

फोटो बरे निघत होते. मी कॅमेरा खुर्चीवर ठेवून जरा पाणी प्यायला गेले. येऊन पाहते तर नवरदेवाच्या मामानं रुमाल सोडला, मान पुसली, बगला पुसल्या, आणि जसा होता तसा परत बांधून ठेवला. वरून मलाच म्हणतो, "चांगली सोय केली बाई पाव्हण्यायची."

पुढचे सगळे फोटो मी नाक धरून काढले.

*

मग ह्यांनी मोबाईलवरून एक डिफ्यूझर मागवला. मोठं काही नाही, दुधी रंगाचं प्लास्टिकचं चौकोनी टोपण. फ्लॅशच्या डोक्यावर बसवायचं. एकदम स्वस्तातलं. पार्सल आलं तेव्हा मी बाहेरगावी होते. घेतलं जाऊबाईनं.

संध्याकाळी घरी आले. "माहं पार्सल कुठी हाय व?"

"थे डबी होय? फ्रिजमधी हाय," जाऊबाई म्हणाली. "दही लावलं तिच्यात. पण कंपनीवाले लबाड हायेत, झाकणच नाही पाठवलं."

मी दह्यासकट डिफ्यूझर उचलला. तिला सांगितलं, हे फ्लॅशवर लावायचं असतं.

तिनं माझ्याकडं नीट पाहून घेतलं. "मंग आधी दही तं खाऊ दे," म्हणाली.

दही मात्र लागलं होतं चांगलं.

*

टोपण लावून पहिला फोटो काढला आमच्या गल्लीतल्या एका गुरुजींचा. निवृत्तीचा निरोप समारंभ होता, शाळेतले सगळे मास्तर-मास्तरणी सोबत बसलेले. गुरुजींना जाड भिंगाचा चष्मा. आजवरच्या प्रत्येक फोटोत त्यांच्या डोळ्यांच्या जागी फ्लॅशचे दोन पांढरे ठिपके. शाळेच्या सगळ्या ग्रुप फोटोंत ते तसेच, मोटारसायकल समोरून आल्यासारखे.

टोपणामुळं या वेळी ठिपके गेले आणि डोळे स्वच्छ आले. मी खूश होऊन फोटो त्यांच्या घरी द्यायला गेले. गुरुजींच्या बाईनं फोटो उजेडात धरला आणि बराच वेळ पाहिला.

"चांगला आला ना बाई?" मी विचारलं.

"चांगला आला," त्या म्हणाल्या. "इतके वरसं चष्म्यात काही समजे नाही. आता समजलं, हे कोणाकडं पाहून राह्यले होते ते."

गुरुजी पेपर घेऊन अंगणात गेले.

*

एका गावचे सरपंच वाढदिवसाच्या बॅनरसाठी फोटो काढायला आले. टक्कल, त्यावर तेल. आधीच्या बॅनरवर कपाळात बल्ब पेटल्यासारखा दिसायचा. मी टोपण लावून फोटो काढला. चमक गेली, माणूस जसा आहे तसा आला. सावळा, भारदस्त.

सरपंच भडकले. "आधीच्या फोटोत मी गोरा होतो. तू हा रंग काऊन लावला?"

"रंग तुमचाच हाय, भाऊ," मी म्हटलं. "दुकानातला काही लावला नाही."

ते ताडकन उठले. मला वाटलं, गेलं गिऱ्हाईक. पण दारात थांबले. "माही माय अशीच होती दिसाले," म्हणाले, आणि तोच फोटो बॅनरवर घेतला.

*

त्यातच कळलं की सुजाताचं लग्न ठरलं. कोणी बोलवायची वाट पाहत बसले असते तर बसलेच राहिले असते. टोपण पिशवीत टाकलं आणि सरळ कौतिकाआत्याच्या घरी गेले. आत्या चुलीपाशी भाकरी थापत होती.

"तू कायले आली?" ती म्हणाली.

"तुमचा फोटो काढाले."

"माहं लग्न होऊन लय वरसं झाले."

"भाकरी थापत राहा तुम्ही, माह्याकडं पाहू नका," म्हणत मी फोटो काढला. घरात अंधार, चुलीचा धूर. कॅमेऱ्याच्या पडद्यावर तिला दाखवला. तिनं हात पदराला पुसले, कॅमेरा जवळ घेतला, लांब धरला, परत जवळ घेतला.

"नाकातली चमकी दिसून राह्यली," ती हळूच म्हणाली. मग आवाज चढवला. "लग्न तूच काढ. पण बिघडलं तं पाय, तुह्या दुकानापुढं येऊन बसन मी."

बोलल्याप्रमाणे ती बसली असती. मला तिची खात्री होती.

*

लग्नात दुसरीकडचा एक फोटोवाला पाहुणा म्हणून आला होता. माझं टोपण पाहून सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "बाई, फ्लॅशले टोपी काऊन घातली? सर्दी झाली का त्याले?"

"हाव," मी म्हटलं. "तुमच्यापासून दूर ठेवून राह्यली, लागण होईन."

 टोपण उजेड खातं, लांबून फोटो काळा येतो, म्हणून अगदी जवळ जावं लागतं. त्रिशरण-पंचशील झालं, हार घालायची वेळ आली, आणि मी नवरा-नवरीच्या पुढ्यात घुसले. मागून लोक ओरडायला लागले, "बाई, सरका." मी सरकले नाही. कौतिकाआत्या उठली आणि मागं वळून म्हणाली, "गपचूप बसा बे. तिले काढू द्या."

घरी येऊन ह्यांनी फोटो कॉम्प्युटरवर उघडले. मी मुद्दाम दाराबाहेर उभी राहिले. आतून माऊसचा आवाज येत होता. मग हे म्हणाले, "ये पाहाले. साडीची घडी अन् घडी दिसून राह्यली. अन् पोरगी हासून राह्यली."

मी आत गेले आणि पहिल्यापासून सगळे फोटो पाहिले.  झेरॉक्स मशीनचं नाव त्यानंतर आमच्या घरात निघालं नाही.

*

सुजाताचा अल्बम पोचला आणि काही दिवसांनी प्रज्ञा दुकानात आली. अंगावर लग्नातलीच पांढरी साडी. सोबत नवरा, तोही लग्नाच्या कपड्यांत. हातात ताजे हार. आणि कौतिकाआत्या, कडेवर प्रज्ञाची वर्षाची पोरगी.

"मांगचा अल्बम पाण्यात गेला समज," आत्या म्हणाली. "आता या दोघायचा नवा काढ."

मी पांढरा पडदा लावला, टोपण बसवलं. दोघांनी हार हातात घेतले. तेवढ्यात पोरीनं भोकाड पसरलं. आत्यानं डोलवलं, बिस्कीट दिलं, बाहेर रस्त्यावरच्या गाड्या दाखवून आणल्या. काही केल्या ऐकेना. शेवटी आईच्या कडेवर गेली, बापाच्या हातातला हार दोन्ही मुठींत धरला आणि गप्प झाली. सोडेचना. मी तसाच फोटो काढला.

पुढं एकदा कौतिकाआत्याच्या घरी गेले तर तो फोटो पुढच्या खोलीत लावलेला, दारातून शिरल्यावर पहिला दिसेल असा. बुलढाण्याचे एक पाहुणे चहा पीत बसले होते. ते फोटोकडं पाहून म्हणाले, "मोठा गोड फोटो आहे. कशाचा?"

"प्रज्ञाच्या लग्नाचा," कौतिकाआत्या म्हणाली.

"आणि ही छोटी कोण?"

"प्रज्ञाची पोरगी."

पाहुण्यांनी फोटोकडं पाहिलं, आत्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं.

"चहा घ्या," आत्या म्हणाली. "थंडा होऊन राह्यला."