पंगतीतला पियानो

पुतणीच्या लग्नात, अनसिंगला, जेवणाच्या वेळी मंद पियानो वाजवायची कल्पना माझीच. मोबाइलवर देशोदेशीचे पियानो ऐकून मी कीबोर्ड शिकलो होतो. जर्मन धून असो की जपानी, माझ्या हातून सगळ्या सारख्याच निघत, ही गोष्ट वेगळी.

आमच्याकडे शेवटच्या माणसाचं जेवण झाल्याशिवाय पंगत उठत नाही. त्या दिवशी नवरदेवाचे आजोबा डोळे मिटून, माझ्या एकेका सुरावर एकेक घास चावत होते. वरपक्षाची अर्धी मंडळी पुढच्या पंगतीसाठी बाजूला उपाशी ताटकळलेली.

नवरीची आई, म्हणजे माझी वहिनी, कानाशी आली. "भाऊजी, व्याही तोंड फुगवून राह्यले. काहून असं रडू आल्यावानी वाजवता?"

"वहिनी, पियानो असाच असतो."

"तिकडं असंन. इथं पंगत उठवा."

मी ढोलकीचं बटण दाबलं आणि वरातीची चाल धरली. आजोबांचे डोळे उघडले, घास भराभर जाऊ लागले, आणि पंगत उठली. व्याही पानावर बसताच वहिनीनं कीबोर्डची वायर काढली आणि माझ्या हातात वरणाची बादली दिली.