न चाखलेला सॉस

कोरगावच्या सुमंगलाबाईंनी नवऱ्याच्या आजारपणात देवापुढे मांस सोडले, त्याला बावीस वर्षे झाली. घरच्यांसाठी मात्र सगळे त्याच रांधतात. ताप उतरून चार दिवस झाले तरी नात गौरवी पेजेपलीकडे काही घेईना. आज ती म्हणाली, "आजी, खिम्याचा सॉस घालून पास्ता कर ना!" असला सॉस त्यांनी कधी पाहिलासुद्धा नव्हता. कांदा, लसूण परतून खिमा, मग टोमॅटो, असे नातीनेच सांगितले.

"आणि नारळ?"

"नारळ नको गे, आजी!"

"बिननारळाचे ते कसले जेवण?" म्हणत त्यांनी खवणी बाजूला सारली.

सून सुविधा धास्तावली होती. मीठ चुकले तर पोर ताट लोटून देईल. "आई, मी चाखू?"

"थांब गो बाय." त्यांनी झाकण काढून वाफ हुंगली, चिमूटभर मीठ टाकले, पुन्हा हुंगली. "झाले."

गौरवीने ताट पुसून खाल्ले आणि पुढे केले. "आणखी!"

सुविधाने कढईला लागलेला सॉस बोटाने चाटला. मीठ कणभरही कमीजास्त नव्हते. बावीस वर्षे जिभेला मांस नाही, आणि हे! ती थक्क होऊन वळली, तर सासूबाई हातपाय धुऊन तिन्हीसांजेचा दिवा लावत होत्या. सुविधाने तिथूनच हात जोडले.