टीमवर्क भिया आणि आम्ही दोघी

नोकरीचं कुठवर आलं, असं कोणी विचारलं की मी किस्से सांगत बसते. करणार काय! मध्य प्रदेशात देवासच्या कॉलेजात आम्ही तिघं पत्रकारिता शिकतो: मी, निखिल आणि उदयनगरची सुनीता. तिघांनाही सरकारी जनसंपर्कात जायचंय. म्हणून देवास-धारमध्ये अधिकाऱ्यांशी ओळखीचा कार्यक्रम असला, की आम्ही हजर! नोकरी अजून एकालाही नाही. किस्से मात्र पोतंभर.

*

पहिल्या वेळी निखिलने आपली ओळख पाठ केली होती. नाव, गाव, आवड, सगळ्यात मोठा गुण. बसमधल्या निम्म्या लोकांनाही ती पाठ झाली असेल. टेबलापाशी एका साहेबांनी हात पुढे केला, "नाम क्या है?"

निखिल म्हणाला, "टीमवर्क, सर!"

दिवसभर साहेब त्याला माळवी थाटात भाऊ म्हणून हाक मारत होते, "टीमवर्क भिया, चाय पी लो!"

*

माझं आडनाव वाचून एक मॅडम खूश झाल्या. "मराठी का? मग मराठीतच बोल की!"

झालं! शाळा सगळी हिंदीतली. घरी आत्याचं मराठी अगदी सोवळ्यातलं, माझं रस्त्यावरचं. तोंडातून निघालं, "मॅडम, आपल्याला मिळून मला खूप खुशी झाली."

कान तापले माझे. मॅडमनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "मला पण तुला मिळून. घरी नको सांगूस हं!"

*

सुनीताला अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की घाम फुटतो. पोह्यांच्या रांगेत कोणाशी बोलावं लागत नाही, हे तिने हेरलं आणि ती पुन्हा पुन्हा तिथेच जाऊन उभी राहू लागली. मागून आवाज आला, "तीसरी प्लेट?"

बघते तर प्रमुख पाहुण्या! सुनीता रडवेली झाली. "घबराहट हो रही है, मैडम."

"मेरी चौथी है," मॅडम म्हणाल्या.

*

एकदा पुलाच्या लोकार्पणाची बातमी लिहायला दिली. वेळ अगदी थोडा. मी लिहिलं, "मंत्रीजी ने पुल को श्रद्धांजलि अर्पित की."

तपासणाऱ्या साहेबांनी कागद परत दिला. "बेटा, पुल अभी ज़िंदा है."

*

मागच्या हिवाळ्यात धारला गेलो, तेव्हा मात्र तिघांचीही झोप उडाली होती. तिथून दोघांनाच ट्रेनिंगला घेणार होते. निखिलला वडिलांनी बजावलेलं, "यंदा नाही जमलं तर दुकानावर बसायचं."

खोटी पत्रकार परिषद होती. समजा, बस नदीत पडली. निखिल सरकारतर्फे बोलणार, आम्ही पत्रकार. समोर एक वयस्कर साहेब गुण देत बसले होते. निखिलच्या हातातल्या कागदाची फडफड माईकमधून ऐकू येत होती.

मागून एकाने विचारलं, "मृतकों के नाम?"

"नाम अभी नहीं दूँगा."

"नाम तो आपके हाथ में हैं!"

"हैं. घरवालों को अभी बताया नहीं है."

सगळे ओरडायला लागले. सुनीताने माझा दंड घट्ट धरला. गेलं ट्रेनिंग, मला वाटलं. निखिलचा आवाज फाटला, पण तो तेच म्हणत राहिला, "पहले घरवालों को."

साहेबांनी हात वर केला. हॉल शांत झाला.

"कब तक रोकोगे?"

"जब तक घर पर फोन न पहुँचे, सर."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. 

"हमारे घर पर टीवी से पता चला था," ते म्हणाले, आणि उठून बाहेर गेले.