म्हशाची जत्रा, कर्णे लागायच्या आधी

सगळ्यात आधी आल्या त्या विहीणबाई. माझं अंगणसुद्धा झाडून झालं नव्हतं, आणि या कल्याणहून सापगावात हजर. पानाचा डबा मांडीवर घेऊन ओट्यावर बसल्या. माझी लेक सुनंदा मागे राहिली होती, कारण नात मनू वाटेतल्या बैलापाशी थांबली ती हलेचना.

विहीणबाईंनी लगेच ऐकवलं, "या वेळी पोरगी लोळली ना, तर पुन्हा तिला कुठे न्यायचं नाही. घरातच बरी."

मनूला ऑटिझम आहे. ती बोलत नाही, कुणाला हात धरू देत नाही, गोंगाट तर तिला सोसतच नाही. मागल्या साली म्हशाच्या जत्रेत पाळण्यांचे कर्णे ऐकून ती मातीत लोळली, बघायला गर्दी जमली, सुनंदा रडत परतली. पण मी त्या जत्रेला लहानपणापासून जाते. बैल पौष पौर्णिमेच्या आधीच येऊन बांधले जातात, कर्णे मागाहून.

"मग आमी बैलांबरोबरच जाऊ की," मी म्हटलं.

तुमच्या घरी असं लेकरू असेल तर शहापूरहून अख्खी जीप ठरवा, वाटेत माणसं भरू देऊ नका. महाग पडते, पण शांत. हॉर्न वाजवू नको म्हणून आधीच सांगा. आमच्या जीपवाल्याने वळणावरही वाजवला नाही, मीच देवाचं नाव घेत बसले. खायला लेकराच्या सवयीचं घरचं न्या. मुरबाडचा वडा मात्र मी सोडला नाही.

विहीणबाईंसकट आम्ही चौघी म्हशाला पोचलो, तर माळभर नुसते बैल. शेणाचा वास, घुंगरांची बारीक किणकिण. मनूने कानांवरचे हात आपणहून काढले.

आता गंमत ऐका. तिथे बैलाचा भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघं उपरण्याखाली हात घालतात आणि बोटं दाबून ठरवतात. मनू एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याचा असा सौदा बघत राहिली. तो उरकला तशी पुढे झाली आणि तिने आपला हात त्याच्या उपरण्याखाली घातला. सुनंदा धावली, मी तिला धरून ठेवलं. म्हाताऱ्याने मनूची बोटं नीट दाबली. तिनेही दाबली.

"काय म्हणते रे पोरगी?" शेजारच्याने विचारलं.

"लय चिवट हाय. माझा भाव तिला पटत नाय."

मनू खुदकन हसली. हात काढेचना. विहीणबाई पान चघळायच्या थांबल्या.

कर्ण्यांचे खांब उभे राहू लागले तसे आम्ही निघालो.

घरी चहा घेऊन बाहेर आले, तर विहीणबाईंनी हातावर पदर घेतलेला, आणि त्याखाली मनूचा हात.

"काय ठरलं?" मी विचारलं.

"पुढल्या पौषात, बैल येतील त्याच दिवशी आम्ही येणार," त्या म्हणाल्या. "तेव्हा तरी अंगण वेळेवर झाडा."