एका सहीसाठी डिचोली ते पार्से, स्कूटरवरून

मंगळवारी दुपारी किनाऱ्यावरच्या एका हॉटेलचा मेल आला. ‘या वर्षी आम्ही विद्यार्थी घेणार नाही.’ बस, एवढंच. आणि माझ्या मास्टर्सचं तिसरं सेमिस्टर त्यांच्याच किचनमध्ये होणार होतं!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मी फूड टेक्नॉलॉजी करते आणि आमचा कोर्स को-ऑप आहे. म्हणजे दोन सेमिस्टर वर्गात, मग एक पूर्ण सेमिस्टर कुठेतरी खरंखुरं काम, त्याचेही मार्क, मग परत वर्गात. कामाची जागा मिळाली नाही तर थेट पुढचं वर्ष. आमचे कोऑर्डिनेटर सर म्हणाले, “शुक्रवारी चारपर्यंत काम देणाऱ्याच्या सहीचा फॉर्म. फोटो चालेल. रडं चालणार नाही.”

मग काय, बाबांची स्कूटर काढली.

बुधवारी सकाळी सुरुवात घरापासूनच, डिचोलीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधून. पहिल्या गेटवर बेळगावकडचे वॉचमन काका. “म्याडम, काय विकायला आलाय?”

“काही नाही, मास्टर्स करते. काम शिकायचंय.”

“एवढं शिकून परत शिकायचं?” त्यांना खरंच माझी दया आली. पाणी दिलं, आत सोडलं नाही. दुसऱ्या गेटवर साहेब नव्हते. तिसऱ्या ठिकाणी एसी केबिन, मला आशा! तिथली ताई म्हणाली, “फ्रेशर घेत नाही.”

“मी अजून फ्रेशरसुद्धा नाही.”

“मग तर नकोच.”

टिप: फॉर्मल शूज घालू नका. अकरापर्यंत माझ्या दोन्ही टाचा गेल्या. बाजारात येऊन चप्पल घेतली आणि पातळ भाजी, दोन उंडे (आमचे गोल, कडक पाव), वर मिरची भजी असं दाबून खाल्लं. शंभरच्या आत पोट भरतं आणि अपमान निम्मा होतो.

पुढे अस्नोडा, थिवी, कोलवाळचा पूल, धारगळ. हायवेला ट्रकांची धूळ आहे, ओढणी तोंडाला बांधा. मॅपवर इब्रामपूरला एक फळप्रक्रिया युनिट दिसत होतं म्हणून चांदेलवरून आत वळले. रस्ता काय सुंदर! काजूला मोहोर आलेला, वळणावळणाला तो गोडसर वास, आणि गाडी एकटी माझी. युनिट मात्र बंद. शेडमध्ये गवताचे भारे आणि एक म्हैस. शेजारच्या शेतातले आजोबा हसले, “मॅपान तुका म्हशीकडे पाठवल्यान? काजूचा शिकाचा तर पार्सेत जा, दत्ताबाबाकडे.”

मुक्काम चोपड्याला आत्याकडे, नदीच्या अगदी काठावर. जेवणात सुंगटाचं हुमण, म्हणजे कोळंबीचं कालवण. आत्याला फॉर्मची गोष्ट सांगितली तर म्हणाली, “सही मी करतंय, वाढ भात.”

गुरुवारी आठ वाजता पार्से. दत्ताबाब म्हणजे काजूच्या शेडचे मालक, हाफ शर्ट, कानात पेन. फॉर्म बघून म्हणाले, “सही काय, आत्ता करीन. पण माझ्या सहीन काजू फुटत नाय. एक दिवस शांतामावशीबरोबर बस. ती हो म्हणाली तर तू आमच्या शेडची.”

शांतामावशी शेडच्या मुकादम. गडहिंग्लजकडच्या, बावीस वर्षं काजूत. मला वरपासून खालपर्यंत बघितलं. “नखं काप. हाताला एरंडेल चोळ. आन् बस.”

पायाने दाबायच्या कटरवर एक बाई बी फोडते, समोरची सुरीने गर काढते. मी समोरची. मजा येत होती! तेवढ्यात दाराशेजारी सॅनिटायझरची बाटली दिसली, वर इंग्लिश पोस्टर: हात स्वच्छ ठेवा. आणि मी फूड टेक्नॉलॉजीची! चिकट तेल खसाखसा पुसलं, सॅनिटायझर लावलं, परत कामाला.

अर्ध्या तासात बोटं पेटली. काजूच्या टरफलात चीक असतो, तो कातडी जाळतो. ते एरंडेल त्याच्याचसाठी होतं. दुपारपर्यंत चार फोड.

मावशींनी माझे हात उलटसुलट बघितले. “कुनी सांगितलं पुसाय?”

“पोस्टरवर होतं…”

“मी हितं हाय, पोस्टर तितं. कुनाचं ऐकायचं?” मग मालकांकडे वळून, “न्हाई जमायची ही. घरी पाठवा.”

चोपड्याला परत येताना मी हेल्मेटमध्ये रडले. (सरांना कळवू नका.)

शुक्रवारी सकाळी पुन्हा गेले. बोटांना पट्टी, नखं साफ. सुरी कोणी हातात देईना, म्हणून कोपऱ्यात बसून बघत राहिले. तेवढ्यात चंदगडची एक नवी मुलगी दारातून आली, पोस्टर बघितलं, बाटलीकडे हात नेला. मी ओरडलेच, “नको!”

सगळी शेड थांबली. मी मावशींना विचारलं, “ही बाटली निवडायच्या खोलीत नको का? तिथे सोललेला गर असतो, तिथे हात धुवायचे. इथे तेल.”

“वर्सभर तेच बोंबलतोय आम्ही. आम्हाला कोन इचारतंय?”

दत्ताबाबांना विचारून बाटली हलवली. पोस्टरही. मग पुठ्ठा मागितला, मावशी सांगत गेल्या, मी पट्टीच्या हाताने मोठ्ठं मराठीत लिहिलं: ‘हितं आधी तेल. हात धुवायचं ते पलीकडं.’

मावशींनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. “आता भिंत बोलंल,” म्हणाल्या. मग पेन मागितलं.

दत्ताबाबांनी मालकाच्या ओळीत सही केली आणि मार्गदर्शकाच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे मावशींनी एकेक अक्षर कोरून नाव लिहिलं. पावणेचार वाजले होते आणि शेडमध्ये नेटवर्क शून्य! चढणीवर पळत गेले, फोटो पाठवला. तीन अठ्ठावन्नला सरांचं उत्तर: ‘मिळाला. मार्गदर्शकांनी दर महिन्याला मूल्यमापन फॉर्म भरायचाय. इंग्लिशमध्ये.’

खाली येऊन मावशींना सांगितलं. त्या म्हणाल्या, “मी बोलीन, तू लिव्ह. पर गोड करायचं न्हाई.”

आता शनिवार, मी डिचोलीत घरी. फोड काळे पडलेत, केसांना अजून शेडचा वास आहे आणि सोमवारपासून चार महिने पार्से. समोर तो मूल्यमापनाचा फॉर्म. पहिला प्रश्न, विद्यार्थिनी स्वतःहून काम हाती घेते का? आईला वाचून दाखवलं तर ती हसत सुटली, “ते त्या बाईलाच विचार गो, मला विचारलंस तर नापास.”

मी निघताना मावशींनी पहिल्या दोन दिवसांचा शेरा दिलाय: ‘पोरगी परत आली. हात बरं हायत. पर डोकं लई घाई करतंय.’ अर्धा तास इंग्लिश करत बसले. प्रत्येक वेळी जरा गोडच होतंय. शेवटी सगळं खोडलं आणि त्यांनी म्हटलं तसंच, देवनागरीत उतरवलं.